कथा आमच्याकडे पाठवण्याआधी

आमच्याकडे संपादनासाठी येणाऱ्या नव्या लेखकांच्या कथांत भाषा बहुतेक वेळा चांगली असते. अडतं ते बांधणीत. तिथे लाल शाईच्या खुणा कामाला येत नाहीत, कथा पुन्हा उभी करावी लागते आणि ते काम लेखकानंच केलेलं बरं. म्हणून हे पत्रक.

इंग्रजी कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली केंब्रिजमधल्या व्याख्यानांत एक फरक सांगितला होता: घटना नुसत्या कालक्रमानं आल्या तर ती गोष्ट, त्यांच्यात कार्यकारणभाव आला तर ते कथानक. हे तपासायला तुमच्या प्रसंगांची यादी करा आणि दोन प्रसंगांच्या मध्ये कोणता शब्द बसतो ते पाहा. ‘शिक्षिका निवृत्त झाली, मग बहिणीकडे गेली, मग बहीण आजारी पडली.’ यातला कुठलाही प्रसंग गाळा, बाकीच्यांचं काही बिघडत नाही. आता हे वाचा: ‘बहिणीशी वीस वर्षं अबोला होता, पण निवृत्तीनंतर घर खायला उठलं म्हणून ती माफी मागायला गेली, पण बहिणीनं तिला ओळखलंच नाही, म्हणून ती नवी शेजारीण असल्याचं सांगून आत शिरली.’ इथे एक प्रसंग काढला की पुढचा कोसळतो.

कथेला ओढ लागते ती पात्राच्या इच्छेमुळे. शिक्षिकेला माफी हवी आहे आणि ती देऊ शकणारी एकुलती एक व्यक्ती सगळं विसरून बसली आहे. पात्राचं वय, उंची, कपडे नंतर ठरवता येतात; त्याला काय हवंय आणि आड काय येतंय, हे आधी पक्कं करा.

निवेदनाची नजरही ठरवून घ्या. कथा शिक्षिकेच्या नजरेतून चालली असेल, तर बहिणीच्या मनात डोकावू नका. बहीण खरंच विसरली आहे की नुसतं तसं दाखवतेय, हा प्रश्न वाचकाला छळू द्या. ‘बहिणीनं तिला मनातून ओळखलं होतं’ हे एक वाक्य सगळा ताण घालवून टाकतं.

‘तिला अवघडल्यासारखं झालं’ असं लिहिलंत तर वाचक पुढे सरकतो. ‘बस म्हटल्यावरही ती उभीच राहिली, पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत’ असं लिहिलंत तर तो त्या खोलीत थांबतो. अर्थात प्रत्येक ओळीत हे नको, मोक्याच्या दोन-तीन जागा पुरेत.

पहिलं पान बहुधा काढून टाकता येतं. सकाळ, हवा, आरशातला चेहरा हे सगळं तुम्हाला कथेत शिरायला लागलं, वाचकाला नको असतं. दारावरची बेल वाजते तिथून सुरू करा. शेवटही अपघातावर सोपवू नका, तो पात्राच्या निर्णयातून येऊ द्या.

कथेसोबत एक ओळ लिहून पाठवा: कुणाला काय हवंय, आड काय येतंय, शेवटी पात्र काय निवडतं. आम्ही आधी ती ओळ वाचतो, मग कथा. ओळ जमत नसेल तर घाई करू नका, प्रसंगांची यादी घेऊन पुन्हा बसा.