लाल झेंडीचा कॅमेरा

"बंद आहे रे तो. सेल कुठे घालायचा तेसुद्धा सापडत नाही," असं म्हणत मावशीनं कॅमेरा माझ्या हातात ठेवला. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांपर्यंत चढून ओसरली होती आणि सांगलीच्या गावभागात जो तो घरातला गाळ उपसत होता. मावशीच्या वाड्यात खालच्या मजल्यावरचं काही उरलं नव्हतं. माळ्यावरचं तेवढं वाचलं. त्यात काकांचा कॅमेरा होता, त्यांनी आखातातून आणलेला ऑलिंपस ट्रिप ३५.

सेल घालायची जागा मावशीला सापडली नाही, कारण ती त्या कॅमेऱ्यात नाहीच. तो प्रकाशावर चालतो.

भिंगाभोवती बारीक बारीक फुगवट्यांची एक पारदर्शक कडी आहे, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती नक्षी वाटते. प्रत्यक्षात त्यातला एकेक फुगवटा म्हणजे एक छोटं भिंग आहे आणि त्यांच्यामागे सेलेनियम या मूलद्रव्याचा पातळ थर बसवलेला आहे. सेलेनियमवर प्रकाश पडला की त्याची विद्युतवाहकता बदलते, हे विलोबी स्मिथ या इंग्रज अभियंत्याला १८७३ मध्ये आढळलं. तीनच वर्षांनी अ‍ॅडम्स आणि डे यांनी दाखवलं की नुसत्या उजेडानं त्यात वीज निर्माणही होते. १८८३ मध्ये चार्ल्स फ्रिट्स यांनी सेलेनियमवर सोन्याचा अतिपातळ मुलामा देऊन पहिला सौर घट बनवला. आज गच्चीगच्चीवर दिसणाऱ्या सोलर पॅनेलचं घराणं तिथून सुरू होतं, आणि काकांचा कॅमेरा त्याच घराण्यातला. छपरावर सिलिकॉन आहे, इथे सेलेनियम, एवढाच फरक. या कामाला सेलेनियम जास्त चांगलं, कारण त्याची संवेदनशीलता आपल्या डोळ्याशी बरीच जुळते. सिलिकॉनला अवरक्त किरणही भरपूर 'दिसतात', त्यामुळे कॅमेऱ्यात वापरताना त्याच्यापुढे निळसर गाळणी लावावी लागते.

ही वीज अगदी नगण्य असते, काही मायक्रोअँपियर. दिवा लावायला ती काहीच कामाची नाही, पण चुंबकाच्या मध्ये टांगलेल्या बारीक तारेच्या वेटोळ्याला ती पुरते. बारावीच्या प्रयोगशाळेतला गॅल्व्हानोमीटर आठवा, तसाच एक चिमुकला गॅल्व्हानोमीटर कॅमेऱ्यात दडलेला आहे. उजेड जास्त असेल तर त्याचा काटा जास्त सरकतो, कमी असेल तर कमी. यापुढची करामत मला सगळ्यात आवडते. आपण बटण दाबायला लागलो की एक पट्टी तो काटा जागच्या जागी पकडून धरते. मग पायऱ्या कापलेली दुसरी पट्टी वर येते आणि काट्याला अडेल तिथे थांबते. ती किती वर आली, त्यावर भिंगामागचं छिद्र किती उघडायचं ते ठरतं. बटणावरचं बोटच ही सगळी पातं-पट्ट्यांची हालचाल घडवतं. विजेकडे काम एकच, काटा योग्य जागी नेणं.

आणि उजेड पुरेसा नसेल तर? तर बटण अर्ध्यात अडतं आणि आपण बघत असतो त्या खिडकीत खालून एक लाल झेंडी वर येते. फोटो निघत नाही, रोल वाया जात नाही.

जुना ट्रिप विकत घेताना याच झेंडीवरून पारख करायची. भिंगाभोवतालची कडी ए या अक्षरावर ठेवा, हाताच्या तळव्यानं पुढचा भाग पूर्ण झाका आणि बटण दाबा. झेंडी वर यायला हवी. मग उजेडाकडे तोंड करून दाबा. या वेळी झेंडी येता कामा नये, आणि समोरून भिंगात पाहिलं तर छिद्र बारीक झालेलं दिसायला हवं. भर उन्हातही झेंडीच येत असेल तर सेलेनियम गेलं असं समजायचं. ओल हा त्याचा मोठा शत्रू. दमटपणानं जोडण्या गंजतात आणि थर खराब होतो. मावशीला मी कॅमेरा अंगणात नेऊन दाखवला. झाकला तर झेंडी, उन्हात धरला तर 'टिक्'. ती किती तरी वेळ नुसती झाकून-उघडून बघत राहिली.

ट्रिप ३५ बाजारात आला १९६७ मध्ये आणि १९८४ पर्यंत बनत राहिला. त्याची बीजं ऑलिंपसच्याच पेन मालिकेत आहेत. योशिहिसा मायतानी या तरुण अभियंत्यानं १९५९ मध्ये पेन कॅमेरा आणला. नेहमीच्या फ्रेमच्या निम्म्या आकाराचा फोटो घेत असल्यानं तो ३६ च्या रोलवर ७२ फोटो काढायचा. १९६१ च्या पेन ईईमध्ये ही सेलेनियमची कडी आली. आपल्याकडे त्या काळात घरोघर दिसायचा तो आगफा क्लिक ३. त्यात मोजमाप काहीच नव्हतं, ऊन आहे की ढग ते डोळ्यांनी बघायचं आणि दांडी सरकवायची. तोही गोळा करण्यासारखा कॅमेरा आहे, पण त्याला १२० चा रोल लागतो आणि भिंग अगदी साधं आहे. मी सुरुवात ट्रिपपासूनच करायला सांगेन.

शटर म्हणजे फिल्मवर क्षणभर उजेड पडू देणारा पडदा. ट्रिपला त्याचे वेग दोनच, सेकंदाचा चाळिसावा भाग आणि दोनशेवा भाग. भिंग ४० मिलिमीटरचं, छिद्र एफ/२.८ पासून एफ/२२ पर्यंत. हा एफचा आकडा म्हणजे साधा भागाकार आहे: भिंगाची नाभीय लांबी भागिले छिद्राचा व्यास. ४० ला २.८ नं भागलं की १४ मिलिमीटर येतात, म्हणजे सदऱ्याच्या बटणाहून थोडं मोठं भोक. एफ/११ ला ३.६ मिलिमीटर, शाळूच्या दाण्याएवढं. एफ/२२ ला १.८ मिलिमीटर, तिळाच्या रुंदीएवढं. बटण, शाळू आणि तीळ ही तीन मापं लक्षात ठेवली की या कॅमेऱ्याचं निम्मं विज्ञान हातात आलं.

कारण नेम साधायला, म्हणजे अंतर जुळवायला, त्यात चार चित्रं आहेत आणि तेवढीच: एक डोकं, दोन माणसं, तिघांचा घोळका आणि डोंगर. म्हणजे १ मीटर, दीड मीटर, ३ मीटर आणि त्यापलीकडचं सगळं. अंतर अंदाजानंच ठरवायचं, भिंग आपोआप काही नेम साधत नाही. तरी फोटो सुबक येतात ते बारीक छिद्रामुळे. मोठ्या छिद्रातून आलेले किरण रुंद शंकूसारखे एकत्र येतात, म्हणून नेम जरा चुकला की फिल्मवर बिंदूचा ठिपका पसरतो. छिद्र बारीक असेल तर शंकू निमुळता होतो आणि चूक पोटात घातली जाते. घोळक्याच्या चित्रावर, म्हणजे ३ मीटरवर कॅमेरा ठेवला आणि छिद्र शाळूएवढं असलं, तर सुमारे १.९ मीटरपासून ७.८ मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. तेच छिद्र बटणाएवढं झालं तर ही पट्टी २.६ ते ३.६ मीटर एवढीच उरते. उन्हात सहा मीटरची सवलत, सावलीत जेमतेम एका मीटरची. म्हणून हरिपूरच्या घाटावर मी बिनधास्त चालता चालता फोटो काढतो, आणि वाड्याच्या ओसरीवर मात्र पावलं मोजतो. माझं पाऊल पाऊण मीटरचं पडतं, चार पावलं म्हणजे तीन मीटर.

रोल कोणता घ्यावा, याचं उत्तरही याच आकड्यांत आहे. छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा असा: लख्ख ऊन असेल तर छिद्र एफ/१६ ठेवायचं आणि शटर ठेवायचं रोलच्या आयएसओ आकड्याएवढं (रोल उजेडाला किती संवेदनशील ते हा आकडा सांगतो), म्हणजे आयएसओ ४०० ला सेकंदाचा चारशेवा भाग. ट्रिपला दोनशेव्याच्या पुढे जाता येत नाही, म्हणून तो छिद्र आणखी एका पायरीनं बारीक करतो आणि एफ/२२ ला पोचतो. तिथे त्याची हद्द संपते. रोलचा वेग सांगायची त्याची चकतीसुद्धा बरोबर ४०० वरच संपते. पण तिळाएवढ्या छिद्रातून जाताना प्रकाश विवर्तनानं, म्हणजे कडेशी वळून, फाकतो. एफ/२२ ला एका बिंदूचा ठिपका जवळपास ०.०३ मिलिमीटर व्यासाचा होतो, तर एफ/११ ला त्याच्या निम्मा. म्हणून मे महिन्याच्या दुपारी आयर्विन पुलाच्या कमानींचा दगड टोकदार दिसायला हवा असेल तर आयएसओ १०० चा रोल भरा. ४०० चा ठेवा पावसाळ्यासाठी आणि घरातल्यासाठी.

सेलेनियमची कडी समोरच्या सगळ्या उजेडाची सरासरी काढते. नदीकाठी हीच गोष्ट नडते. आकाश आणि पाण्यावरची चकाकी मिळून काट्याला पार पुढे ढकलतात आणि नावेत बसलेला माणूस काळा येतो. यावर उपाय सोपा आहे. कॅमेरा आधी जमिनीकडे झुकवा, बटण अर्धं दाबा, तसंच दाबून धरून कॅमेरा वर करा आणि मग पूर्ण दाबा. काटा पकडला गेलेला असतो, तो आता आकाशाला बधत नाही.

पहिल्या रोलवर मात्र मला मोठा धक्का बसला. प्रत्येक फोटोवर कडेनं पांढरट पट्टे. पाठीमागच्या झाकणाच्या खाचेत उजेड आत येऊ नये म्हणून काळा फोम लावलेला असतो. तो पॉलियुरेथेनचा, आणि हवेतली आर्द्रता वर्षानुवर्षं त्याचे रेणू तोडत राहते. बोट लावलं तर डांबरासारखा चिकटला. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून मी तो सगळा खरवडून काढला. मावशीनं तिच्या विणकामाच्या पिशवीतून काळी लोकर काढून दिली आणि म्हणाली, "दुहेरी घाल, एकेरी बसणार नाही." दुहेरी धागा खाचेत नेमका बसला. तेव्हापासून पट्टा नाही.

भिंगाच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागेही होते. ती बुरशी. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की ती धरते. काच हे तिचं अन्न नाही. ती धुळीवर आणि बोटांच्या तेलकट ठशांवर जगते, पण तिच्यातून पाझरणाऱ्या आम्लांनी काचेवरचा लेप कायमचा खरवडला जातो. काकांचा कॅमेरा लवकर हाती आला म्हणून पुसून निघाला. चामड्याच्या पेटीत कॅमेरा ठेवू नका, चामडं ओल धरून बसतं. घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेल, एवढं पुरे.

छंद वाढला की सेलवाले कॅमेरेही येतात. माझ्याकडे आले ते रोलाय ३५ आणि कॅनोनेट. त्यांच्यासाठी पूर्वी १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल मिळायचा. तो शेवटपर्यंत तोच दाब टिकवायचा आणि कॅमेऱ्याचं मोजमाप त्यावरच बेतलेलं होतं. पाऱ्याच्या विषारीपणामुळे ते सेल बंद झाले. आज तेवढ्याच आकाराचा अल्कलाइन सेल घातला तर दाब १.५ व्होल्ट मिळतो, शिवाय तो हळूहळू उतरत जातो आणि फोटो चुकतात. तोडगा मिरजेत आहे. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, आणि तिथे श्रवणयंत्राचे ६७५ नंबरचे जस्त-हवा सेल मिळतात. वरचं स्टिकर काढलं की बारीक भोकांतून हवा आत जाते आणि तिच्यातल्या ऑक्सिजनची जस्ताशी अभिक्रिया सुरू होते. दाब मिळतो सुमारे १.४ व्होल्ट आणि तो टिकून राहतो. सेल खोबणीत सैल बसतो, त्याला रबराचं कडं घालावं लागतं. एकदा हवा लागली की वापरा न वापरा, काही आठवड्यांत तो संपतो.

रोल मी घरीच धुतो, कृष्णधवल. फिल्मवर जिलेटिनमध्ये चांदीच्या क्षारांचे कण पसरलेले असतात. एकेका कणात अब्जावधी आयन, पण प्रकाशानं त्यात चांदीचे चारेक अणू एका जागी जमले तरी डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुण्याचं रसायन, अख्खा कण चांदीचा करून टाकतो. ही संवेदनशीलता कुठून आली त्याची गोष्ट मी स्वयंपाकघरात सगळ्यांना सांगतो. काही जिलेटिनच्या फिल्म जास्त तेज निघायच्या आणि कारण कळत नव्हतं. १९२५ च्या सुमारास कोडॅकच्या सॅम्युएल शेपर्ड यांनी ते शोधलं: ज्या गुरांच्या कातड्यापासून जिलेटिन बनलं त्यांनी मोहरीसारख्या वनस्पती खाल्लेल्या होत्या, आणि त्यातली गंधकाची संयुगं जिलेटिनमध्ये उतरली होती. मोहरीला तिचा झणका देणारं संयुग त्यातलंच.

डेव्हलपरला लागतं २० अंशांचं पाणी. सांगलीत एप्रिलमध्ये नळाला तसं पाणी कुठलं? मी माठातलं घेतो. कोरड्या हवेत माठाच्या अंगातून झिरपणारं पाणी बाष्प होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. सकाळी लवकर थर्मामीटर घातला तर २४ अंश मिळतात. रासायनिक क्रिया उष्ण पाण्यात वेगानं होते, म्हणून वेळ कमी करायचा. २० अंशांना १० मिनिटं लागत असतील तर २४ ला सुमारे ७.

ट्रिपमधला दुसरा रोल असाच धुतला. माजघरात मावशीचा फोटो घ्यायला गेलो तेव्हा १०० च्या रोलवर तीनदा झेंडी आली होती. मग तिला खिडकीशी बसवलं, दार उघडलं, समोर पांढरी चादर धरायला भाच्याला उभं केलं. चौथ्या वेळी 'टिक्' झालं. न्हाणीघरात चिमट्याला टांगलेल्या ओल्या निगेटिव्हवर तिचा चेहरा काळा आणि केसही काळेभोर दिसत होते, म्हणजे कागदावर दोन्ही उजळ येणार. तिच्या मागे भिंतीवर, डोक्याच्या वर वीतभर, पुराच्या पाण्याची रेघ आडवी गेलेली दिसत होती. निगेटिव्हवर ती पांढरी होती.