पाकीट फोडण्याआधी हे वाचा
(इग्निशन मॉड्यूल घरी बदलणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

हे पत्रक कार्ब्युरेटरच्या जुन्या मारुती ८०० आणि ओम्नीसाठी आहे, तेही डिस्ट्रिब्युटरमध्ये (प्लगांना पाळीपाळीने वीज वाटणारा भाग) पॉइंट (कॉइलचा करंट तोडणारी जुनी यांत्रिक जोडी) नसून तेच काम करणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असेल तरच. एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) गाड्यांची रचना वेगळी, त्यांना यातलं काही लावू नका.

मॉड्यूल गेल्याची तक्रार ठरलेली असते. सकाळी गाडी एका सेल्फात चालू, तापली की बंद, अर्धा तास बॉनेट उघडून थांबलं की पुन्हा चालू. पण कॉइलचीही (बॅटरीच्या १२ व्होल्टचे ठिणगीपुरते हजारो व्होल्ट करणारा भाग) हीच खोड, आणि उन्हाळ्यात पेट्रोलची पाइपातच वाफ झाली तरी गाडी असंच करते. म्हणून तपासणी गाडी बंद पडल्यावर, गरम असतानाच करा. जुना चांगला प्लग एचटी वायरीत (प्लगला जाणारी जाड, हाय टेन्शन वायर) घालून त्याचं लोखंड इंजिनाला टेकवून ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. प्लग हातात धरू नका, २० हजार व्होल्टच्या पुढचं काम आहे. पेट्रोलचा वास येत असेल तर हा उद्योगच नको.

निळी ठिणगी कडक पडतेय? मग मॉड्यूलला दोष देऊ नका, वाफेच्या शंकेसाठी एसी पंपावर (इंजिनावरचा पेट्रोल पंप) ओलं फडकं टाकून बघा. ठिणगीच नाही? चावी चालू करून कॉइलच्या प्लसवर मीटर लावा. तिथे १२ व्होल्टच्या आसपास येत नसतील तर फ्यूज आणि वायरिंग बघा. येत असतील तर आधी दुसरी कॉइल जोडून पाहा. मॉड्यूल शेवटी. एकदा बसवलेला इलेक्ट्रिकचा माल आम्ही परत घेत नाही, हे पुन्हा सांगतो.

बदलताना आधी बॅटरीची मायनस वायर काढा. कॅप उघडण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्या, एचटी वायरींची अदलाबदल झाली तर ८०० चा १-३-२ हा ठिणगीचा क्रम चुकतो. मॉड्यूलच्या दोन बारीक वायरी उलट लागल्या तर नवा माल जळू शकतो. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट मात्र सैल करू नका, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) हलतं.

आता पांढरी पेस्ट. जुनं मॉड्यूल उचललं की खाली खडूसारखी वाळलेली पेस्ट दिसेल. ती सुती फडक्याने पुसा, पॉलिश पेपर घासू नका. पाकिटातली नवी पेस्ट मॉड्यूलच्या पाठीवर पातळ, सगळीकडे सारखी लावा. मॉड्यूलची उष्णता धातूच्या बैठकीत उतरते ती या थरातूनच. एका गिऱ्हाइकाने ती ‘घाण’ समजून पुसली आणि मॉड्यूल कोरडंच बसवलं. आठवड्याने दुकानात हजर! ग्रीस हा तिला पर्याय नाही.

चालू झाल्यावर गाडी पंधरा-वीस किलोमीटर फिरवून तापवा. तरीही बंद पडली तर पिकअप (डिस्ट्रिब्युटरमधला, मॉड्यूलला ठिणगीचा इशारा देणारा भाग) तपासावा लागेल. त्यासाठी गाडीच घेऊन या. डिस्ट्रिब्युटर काढून पिशवीत आणू नका, टायमिंग लावायला शेवटी गाडीच लागते.