दक्षिण अरबस्तानातील पुरातत्त्वीय मोहीम (१९५०–५२)

कताबान व सबा या प्राचीन राज्यांच्या राजधान्यांवर, म्हणजे आजच्या येमेनमधील तिम्ना व मारिब येथे, अमेरिकन संशोधकांनी केलेले उत्खनन. वेंडेल फिलिप्स या तरुणाने १९४९ मध्ये स्थापन केलेल्या ‘अमेरिकन फाउंडेशन फॉर द स्टडी ऑफ मॅन’ या संस्थेने ही मोहीम काढली. पॅलेस्टाइनमधील कामामुळे नावाजलेले विल्यम फॉक्सवेल ऑलब्राइट तिचे मुख्य पुरातत्त्वज्ञ होते.

लोबान व हिराबोळ या सुगंधी डिंकांच्या व्यापारावर ही राज्ये संपन्न झाली. तिम्ना ते गाझा हा उंटांच्या तांड्यांचा प्रवास ६५ मुक्कामांचा होता, असे रोमन लेखक प्लिनी सांगतो.

काम सुरू झाले ते वादी बैहान या खोऱ्यात. हा भाग तेव्हा ब्रिटिशांच्या अदन संरक्षित प्रदेशात मोडत असे. तिम्ना येथे सिंहावर आरूढ बालकांची ब्राँझची जोडी मिळाली. तिच्यावर ग्रीक शैलीची छाप आहे, पण बैठकीवरचा लेख दक्षिण अरबी लिपीत आहे. तेथील दफनभूमीत सापडलेल्या अलाबास्टर या मऊ, फिकट दगडाच्या स्त्रीमस्तकाला कामगारांनी ‘मिरियम’ म्हटले आणि तेच नाव रूढ झाले.

प्रसिद्धी या शिल्पांना मिळाली. मोहिमेचे खरे मोल मात्र जवळच्या हजर बिन हुमैद या टेकाडात आहे. तोवर या प्रदेशाचा इतिहास मुख्यतः सुट्या शिलालेखांवरून रचला जात होता आणि राजांच्या काळाबद्दल अभ्यासकांत शतकांचे मतभेद होते. येथे वस्तीचे एकावर एक साचलेले थर क्रमाने उकलले गेले. मोहिमेतील पुरातत्त्वज्ञ गस व्हॅन बीक यांनी त्यांतील खापरांचा बारकाईने अभ्यास करून १९६९ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. दक्षिण अरबस्तानातील मृद्भांड्यांना थरांवर आधारलेला कालक्रम प्रथम मिळाला तो या चिकाटीच्या कामामुळे.

१९५१ मध्ये येमेनचा तेव्हाचा शासक असलेल्या इमामाच्या परवानगीने पथक मारिबला गेले. तेथे अलमकाह या सबाच्या प्रमुख देवाचे अवाम मंदिर वाळूखाली गाडलेले होते. शेबाच्या (म्हणजे सबाच्या) राणीच्या अरबी नावावरून स्थानिक लोक त्याला ‘महरम बिल्कीस’ म्हणतात. लंबवर्तुळाकार तटबंदीला लागून असलेले ३२ खांबांचे सभागृह उघडे झाले. शिलालेखतज्ज्ञ आल्बेर झाम यांनी तेथील लेखांचे ठसे घेतले; त्यांच्या वाचनाविना सबाचा राजकीय इतिहास आज लिहिता येणार नाही. मात्र स्थानिक अधिकाऱ्यांशी संबंध बिघडत गेले आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये पथकाला यंत्रे व सामान तिथेच टाकून पळ काढावा लागला.

त्यानंतर संस्थेने ओमानच्या धोफार प्रांतात खोर रोरी (प्राचीन सुम्हुरम) हे लोबानाचे बंदर खणले. तेथे शालभंजिकेची (झाडाची फांदी धरून उभ्या स्त्रीची) छोटी भारतीय ब्राँझमूर्ती मिळाली. भारताशी असलेल्या सागरी संबंधांचा इतका बोलका पुरावा क्वचितच हाती येतो.

मारिबचे अर्धवट राहिलेले काम फिलिप्स यांच्या भगिनी मेरिलिन फिलिप्स हॉजसन यांच्या नेतृत्वाखाली १९९८ मध्ये पुन्हा सुरू झाले. २०२३ मध्ये, येमेनमधील युद्ध चालू असतानाच, युनेस्कोने मारिबमधील सबा राज्याचे अवशेष जागतिक वारशाच्या आणि त्याच वेळी धोक्यातील वारशाच्या यादीत घेतले.