केस इंटरव्ह्यूत डोकं बंद पडतं तेव्हा

प्लेसमेंटचा हंगाम जवळ आला की नागपूरच्या धरमपेठ-रामदासपेठेत क्लासच्या पाट्या वाढायला लागतात. परवा एक पाटी वाचून मी गाडीच बाजूला घेतली. 'मिडब्रेन ॲक्टिव्हेट करा, इंटरव्ह्यूची भीती घालवा.' मिडब्रेन म्हणजे मध्यमेंदू. तो बिघडला तर माणसाला डोळेसुद्धा धड फिरवता येत नाहीत. तेव्हा ज्याला ती पाटी वाचता आली, त्याचा तो चालूच आहे, पैसे भरायची गरज नाही. अशा क्लासांत पुरावा म्हणून दाखवली जाणारी, डोळ्यांवर पट्टी बांधून वाचणारी मुलं नाकाजवळच्या फटीतून बघतात, हे विवेकवादी कार्यकर्त्यांनी कितीदा तरी दाखवून दिलंय. तरी धंदा चालतो, कारण भीती खरी आहे.

माझ्या भाच्याचंच बघा. एका सल्लागार कंपनीचा केस इंटरव्ह्यू होता. यात पाठांतर विचारत नाहीत. एखाद्या धंद्याची अडचण समोर ठेवतात, आणि तुम्ही ती फोडून, आकडे मांडून, बोलत-बोलत सोडवायची. त्याला विचारलं, नागपुरात रोज तर्री-पोह्याच्या किती प्लेटा खपत असतील? गडी खुश. २०११ च्या जनगणनेप्रमाणे शहराची लोकसंख्या साधारण २४ लाख, घरटी ५ माणसं धरली तर कुटुंबं... इथे त्याने ४.८ लाखांऐवजी ४८ हजार लिहिलं. समोरचा फक्त एवढंच म्हणाला, "नक्की?" त्यानंतर भाच्याला ३६ ला ४ ने भागता येईना.

"काऊन रे, झालं काय?" मी विचारलं.

"मामा, डोकंच बंद पडलं. आपल्यात तेवढा दम नाही, दुसरं काय."

हा दमाचा सिद्धांत घरोघरी चालतो, आणि तो चूक आहे. एका शून्यानंतर त्याच्या कवटीत जे घडलं ते अगदी ठरावीक रसायनशास्त्र आहे.

कपाळामागे मेंदूचा जो भाग असतो, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, त्यात एक विलक्षण सोय आहे. समोर नसलेली गोष्ट तो थोडा वेळ धरून ठेवू शकतो. २४ लाख हा आकडा कानावर पडून गेला, कागदावर नाही, तरी भागाकार होईपर्यंत तो टिकतो. कसा? तिथल्या पेशी एकमेकींना सतत संदेश देत राहतात. कीर्तनात बुवा निरूपणात लांब निघून गेले तरी मागे टाळकरी ध्रुवपद धरून असतात ना, तसं. मेंदूशास्त्रज्ञ पॅट्रिशिया गोल्डमन-रॅकिक यांनी माकडांच्या मेंदूत या पेशींचा माग काढला. माहितीचे असे तीन-चार तुकडेच आपण एका वेळी सांभाळू शकतो. केस सोडवताना नेमके तेवढेच लागतात, म्हणजे शिल्लक काही नाही.

ध्रुवपदाचा जोर ठरतो नॉरॲड्रिनलीन नावाच्या रसायनावर. मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस हा इवलासा निळसर ठिपका आहे, तिथून ते जवळजवळ सगळ्या मेंदूत पसरतं. (हा ठिपका मध्यमेंदूच्या खालच्या मजल्यावर असतो. पाटीवाल्यांनी निदान पत्ता तरी बरोबर द्यायचा.) खरी गंमत पुढे आहे. हे रसायन एकच, पण पेशींवरची कुलपं वेगवेगळी. अल्फा-२ए हे कुलूप थोड्या नॉरॲड्रिनलीननेही उघडतं. ते उघडलं की पेशीच्या आत सायक्लिक एएमपी हा निरोप्या कमी होतो, त्याच्या हुकमाने उघडणाऱ्या एचसीएन वाहिन्या, म्हणजे पेशीच्या आवरणातली बारीक दारं, मिटतात, आणि शेजारणीकडून आलेला संदेश गळून न जाता पुढे पोचतो. टाळ जोरात. म्हणूनच थोडी धाकधूक असली की डोकं जास्त चालतं. पण नॉरॲड्रिनलीनचा लोट आला तर अल्फा-१ हे दुसरं कुलूप उघडतं, जे एरवी थोडक्याला दाद देत नाही. मग पेशीत कॅल्शियम सुटतं, पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतात, संदेश वाटेतच विरतो. टाळ बंद. येल विद्यापीठाच्या एमी आर्नस्टेन यांनी हा सगळा उलगडा करण्यात कित्येक वर्षं घातली. मला तो वाचताना दर वेळी थक्क व्हायला होतं. तेच रसायन, फक्त मात्रा वेगळी, आणि हुशार माणूस ३६ भागिले ४ वर अडकतो.

वाहिन्यांची नावं विसरलात तरी चालेल. पेशी मेलेल्या नाहीत, जोडण्या तुटलेल्या नाहीत, त्या तात्पुरत्या सैल पडल्यात, एवढं लक्षात राहू द्या. लोट ओसरला की ध्रुवपद परत धरता येतं.

मग तो ओसरत का नाही? कारण आपणच भर घालतो. १९९३ साली जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात किर्शबाउम आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत ताण निर्माण करण्याची एक पद्धत बसवली. ५ मिनिटं नोकरीसाठी स्वतःबद्दल बोलायचं, मग ५ मिनिटं १०२२ मधून १३-१३ वजा करत जायचं. १००९, ९९६, ९८३... चुकलात की पुन्हा १०२२. समोरची मंडळी हसत नाहीत, मान डोलवत नाहीत. केस इंटरव्ह्यूच की हा! पुढे २००४ मध्ये डिकरसन आणि केमेनी यांनी असे २०८ अभ्यास एकत्र तपासले. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सर्वात जास्त चढतं ते दोन गोष्टी जुळल्या की: कोणीतरी आपल्याला जोखतंय, आणि आपल्या हातात काही नाही.

जोखणं थांबवता येत नाही, तो इंटरव्ह्यूच आहे. पण दुसरी गोष्ट आपल्या हातात आहे. चूक कळल्यावर घाईघाईने बोलत सुटण्यापेक्षा "अर्धा मिनिट घेतो, आकडे पुन्हा बघतो," असं म्हणायला कोणी मनाई केलेली नसते. त्या अर्ध्या मिनिटात डोक्यातले तुकडे कागदावर उतरवा. कागदाला नॉरॲड्रिनलीन चढत नाही. श्वास सोडताना नेहमीपेक्षा जास्त वेळ घ्या, कारण उच्छ्वासात व्हेगस मज्जातंतू हृदयाला आवर घालतो. मग उत्तर उलटं तपासा. ४८ हजार कुटुंबं गुणिले ५ म्हणजे २ लाख ४० हजार माणसं. नागपूर अमरावतीच्या निम्म्याहूनही लहान झालं की! असं मोठ्याने म्हणून भाच्याने शून्य परत लावलं असतं तर त्याचा उलट फायदाच झाला असता. सल्लागाराचं निम्मं काम आकडा पटण्याजोगा आहे का, हे बघण्याचंच असतं.

इंटरव्ह्यूआधी दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून, छाती काढून उभं राहा, संप्रेरकं बदलतील, असंही सांगतात. २०१० च्या त्या गाजलेल्या प्रयोगातला हा परिणाम २०१५ साली २०० जणांवर तपासला तेव्हा संप्रेरकांत काही फरक आढळला नाही. मूळ लेखिकांपैकी एकीने तर २०१६ मध्ये आपला त्या परिणामावर विश्वास उरला नसल्याचं जाहीर केलं. पुष्कराजाच्या अंगठीबद्दल मी बोलतच नाही.

आता एक गोष्ट जी मुलांना कोणी सांगत नाही. नॉरॲड्रिनलीन क्षणात धावून येतं, कॉर्टिसॉल मात्र रमतगमत. ट्रिअरच्या चाचणीत ते चाचणी संपल्यावर १० ते २० मिनिटांनी शिखरावर असतं. म्हणजे पहिली फेरी आटोपून तुम्ही कॉरिडॉरमध्ये बसलेले असता, तेव्हा. कॉर्टिसॉल चढलेलं असताना पाठ केलेलं आठवणं जड जातं, आणि नुकतीच झालेली फजिती मात्र पक्की ठसते. 'सगळं बिघडलं' हा निकाल आपण नेमका त्याच घडीला लावतो, आणि तो घेऊन दुसऱ्या फेरीत शिरतो. तिथे बसून मित्रांबरोबर शवविच्छेदन करत बसू नका. चार पावलं चाला, पाणी प्या, आणि पुढच्या केसला लागणारे ढोबळ आकडे आठवून नव्हे, लिहून घ्या.

सराव करायचा तर लाड करणाऱ्या मित्रासमोर नको. चेहरा दगडासारखा ठेवू शकेल अशी एखादी आत्या किंवा काका गाठा. ट्रिअरची चाचणी त्याच माणसांवर पुन्हा-पुन्हा घेतली तेव्हा बहुतेकांचं कॉर्टिसॉल पुढच्या खेपांना खूप कमी चढलं. हृदयाचे ठोके मात्र जवळपास तेवढेच वाढत राहिले. तेव्हा दहाव्या सरावालाही छाती धडधडली तर सराव वाया गेला असं समजू नका, ती धडधडणारच.