खारभूमी शेती

खाडीकाठच्या, भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या जमिनीला बांध घालून तिच्यावर पावसाळी भात पिकवण्याची कोकण आणि गोव्यातील पद्धत. रायगड जिल्ह्यात अलिबाग आणि पेण तालुक्यांतला असा पट्टा खारेपाट म्हणून ओळखला जातो. गोव्यात मांडवी, जुवारी या नद्यांच्या काठच्या अशा जमिनींना खाजण म्हणतात.

बांध खाडीच्याच चिकण चिखलाचा, लाटांच्या बाजूने दगडांनी बांधलेला. त्यात ठिकठिकाणी उघाडी असते; गोव्यात तिला मानस म्हणतात. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने उघाडीची झडप आपोआप मिटते आणि ओहोटी लागली की आत साठलेले पावसाचे पाणी तिला ढकलून खाडीत जाते. दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या असल्या तरी दार उघडायला-लावायला माणूस लागत नाही.

खारे पाणी अडले तरी जमिनीतले मीठ जात नाही. भूजल उथळ आणि खारट असल्याने उन्हाळ्यात क्षार केशाकर्षणाने वर येतात व जमिनीवर पांढरा थर दिसू लागतो. जूनचा पाऊस तो धुऊन काढतो, म्हणून सगळी शेती पहिल्या चांगल्या सरींवर अवलंबून. पुष्कळ ठिकाणी लावणीऐवजी मोड आलेले बियाणे चिखलात फेकून पेरतात. याला रहू म्हणतात. मध्येच पावसाने दीर्घ उघडीप दिली तर क्षार पुन्हा वर येतात आणि कोवळी रोपे करपतात, म्हणून शेतात गोडे पाणी उभे ठेवण्याची धडपड असते. खारटपणा सोसणाऱ्या जुन्या जातींत गोव्याचा कोरगुट प्रसिद्ध आहे. कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल-1, 2, 3 अशा जाती दिल्या. त्या क्षार सोसतात, पण बांध फुटून उधाणाचे पाणी शेतात शिरले तर त्यांचाही निभाव लागत नाही. एकदा खाऱ्या पाण्याखाली गेलेले शेत पूर्ववत व्हायला पुढचे काही पावसाळे जातात.

म्हणूनच या शेतीत बियाण्याइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, महत्त्वाची ठरते ती बांधाची राखण. खारेपाटात त्यासाठी जोळ ही सामूहिक व्यवस्था होती: ज्याची जमीन बांधाच्या आत, त्याने दुरुस्तीला हात लावायचा, खांड (बांधाला भगदाड) पडल्याची हाक आली की रात्री-अपरात्रीही यायचे, गैरहजर राहील त्याला दंड. गोव्यात हे काम गावकरी संस्थांकडे, म्हणजे कोमुनिदादींकडे होते. खारेपाटात हे श्रम कुळांचे असले तरी पिकाचा मोठा वाटा खोताच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरी जाई. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली अलिबागजवळच्या चरी येथे 1933 ते 1939 चाललेल्या शेतकरी संपामागे हेच कारण होते. संपकरी कुळांनी जमिनी कसायलाच नकार दिला.

पुढे 1948 चा मुंबई खारभूमी कायदा आणि 1979 चा महाराष्ट्र खारभूमी विकास कायदा यांमुळे बांधांच्या कामात शासन उतरले, तर गोव्यात 1964 च्या कूळ कायद्याने कोमुनिदादींची जागा हळूहळू कुळांच्या संघटनांनी घेतली. खोताच्या जाचातून सुटका होणे न्याय्यच होते, पण बांधाचे मात्र त्यात नुकसान झाले असे म्हणावे लागते. खेकड्याने पोखरलेले भोक त्याच दिवशी बुजवले तर टोपलीभर चिखल पुरतो. निविदा निघेपर्यंत थांबले तर तिथेच खांड पडते. मांडवी-जुवारीत खनिजाच्या बार्जच्या लाटांनीही बांधांची झीज केली, आणि काही ठिकाणी कोळंबीच्या लोभाने मानस मुद्दाम उघडे ठेवले गेले.

पर्यावरणाच्या बाजूने पाहता हा बांध निरपराध नाही. भरतीच्या पाण्यावर जगणारा पाणथळ प्रदेश हिरावूनच ही शेती उभी राहिली. तरी खाजणात मासळीला जागा उरते: मानसीच्या आतल्या पोंयीत, म्हणजे साठलेल्या पाण्याच्या डोहात, मासे वाढतात आणि तिथली मासेमारी लिलावाने दिली जाते. खारेपाटातही घराशेजारच्या तळ्यांत जिताडा हा मासा पाळण्याची रीत आहे.

खरा पेच कांदळवनांचा, म्हणजे खारफुटीच्या झाडीचा, आहे. बांधाबाहेरची कांदळे लाटांचा जोर मोडतात, म्हणून ती शेतकऱ्यालाही हवी असतात. पण बांध फुटून काही वर्षे शेत पडीक राहिले की आतही कांदळे उगवतात. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 च्या निकालात कांदळवनांच्या तोडीवर बंदी कायम केली. त्यांच्याभोवतीचा 50 मीटरचा पट्टाही बांधकामाला बंद आहे. त्यामुळे सातबाऱ्यावर भातशेती असलेल्या पण कांदळांनी व्यापलेल्या जमिनीत पुन्हा नांगर घालता येत नाही, आणि फुटलेल्या बांधापर्यंत यंत्र न्यायचे म्हटले तरी परवानगीचा प्रश्न उभा राहतो.