कचरा वर्गीकरणाची प्रेरणा (ग्रामीण कुटुंबे)

घरातला कचरा घरातच ओला, सुका व घातक असा वेगळा ठेवण्यास ग्रामीण कुटुंबांना प्रवृत्त करणारी कारणे. खेड्यातले घर या कामाला नवखे नसते. खरकटे गुरांपुढे, शेण व पालापाचोळा उकिरड्यावर, पत्रा व बाटल्या भंगारासाठी बाजूला, अशी उपयोगानुसार वाटणी आधीच झालेली असते. अडते ते कोणालाच नको असलेल्या वस्तूंपाशी: पातळ पिशव्या, वेष्टने, सॅनिटरी पॅड, बॅटरीचे सेल, कीटकनाशकांचे रिकामे डबे. या वस्तू जाळल्या तरी जातात, नाहीतर ओढ्यात तरी पडतात. प्रबोधनाचे फलक मात्र बहुधा भाजीच्या सालींविषयीच बोलतात.

मानसशास्त्रज्ञ आइसेक आयझेन यांच्या नियोजित वर्तनाच्या सिद्धांतानुसार (१९९१) दृष्टिकोन, भोवतालच्या माणसांची अपेक्षा आणि ‘हे आपल्याला जमेल’ हा भरवसा यांतून हेतू घडतो. गावात कोणाचा कचरा कोणता हे सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून दुसरा घटक तिथे जड ठरतो. तिसरा घटक दोन डबे, त्यांना जागा आणि संकलनस्थळाचे अंतर यांवर टिकतो. ही सोय नसेल, तर पटलेली गोष्टही हातून होत नाही. शिवाय सभेला घरातला एक जण जातो आणि डबा भरणारी व्यक्ती दुसरीच असते. सूचना चुलीपर्यंत पोहोचतच नाहीत.

बक्षिसाने सुरुवात जोरात होते, पण ते थांबले की सवयही सुटू शकते. दंड लावला आणि पर्याय दिला नाही, तर कचरा रात्री जळतो. खताचा मोबदला त्यामानाने टिकाऊ. त्यासाठी खताच्या ढिगात कर्ब-नत्राचे (कार्बन व नायट्रोजनचे) प्रमाण सुमारे २५ ते ३० : १ आणि ओलावा ५० ते ६० टक्के लागतो. नुसते खरकटे टाकले की ढीग आंबतो, वास सुटतो. दर थरावर सुका पाला पसरला की तो आटोक्यात राहतो. याच खतातून काचेचा एक तुकडा शेतात पायात घुसला, तर त्या घराचा वर्गीकरणावरचा विश्वास उडतो.

तेच कचरा नेणाऱ्या गाडीचे. वेगळे दिलेले दोन्ही डबे एकाच हौद्यात रिकामे होताना दिसले की दुसऱ्या दिवसापासून घरात एकच डबा उरतो. ओला कचरा रोज न्यावा लागतो. धुऊन वाळवलेले प्लॅस्टिक पंधरवडाभर थांबू शकते. सेल व कीटकनाशकांचे डबे नेण्याचा वार ठरलेला नसेल, तर ते आधी माळ्यावर साठतात आणि घर आवरताना उकिरड्यात जातात.