आडात नाही ते रातकिड्यात कुठून?

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या ताईकडे एक सरडा आहे. जात बिअर्डेड ड्रॅगन, मूळ ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातली, आणि भाच्याने ठेवलेलं नाव गोट्या. गेल्या हिवाळ्यात गोट्याच्या मागच्या पायांची बोटं थरथरायला लागली. मग चालताना पोट जमिनीला घासू लागलं. तेव्हा तो वर्षाचाही नव्हता. प्राण्यांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, तर हाडं इतकी फिकट की कडाच दिसेनात. "रोज किती रातकिडे खातो?" त्यांनी विचारलं. पंधरा-वीस, भाच्याने अभिमानाने सांगितलं. "आणि ते रातकिडे काय खातात?"

याचं उत्तर घरात कुणाकडेच नव्हतं. दुकानातून डबा आणायचा आणि त्यातले किडे थेट काचेच्या पेटीत सोडायचे, एवढंच चाललं होतं.

आपली हाडं आत असतात आणि त्यांत कॅल्शियम ठासून भरलेलं असतं. किड्याचा सांगाडा बाहेर असतो आणि तो बनतो मुख्यतः कायटिन नावाच्या चिवट पदार्थाचा आणि प्रथिनांचा. त्यामुळे किलोभर रातकिड्यांत कॅल्शियम अर्धा ग्रॅमसुद्धा भरत नाही, फॉस्फरस मात्र तीन ग्रॅमच्या आसपास. सरड्याला हवं असतं उलट: कॅल्शियम निदान फॉस्फरसाइतकं, शक्यतो दीड-दोन पट. मीलवर्म नावाच्या पिवळसर, गुळगुळीत अळीमध्ये तर तफावत याहूनही मोठी. आहारातून कॅल्शियम मिळेना, की रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतली ठेव मोडायला लागतात. स्नायू आणि हृदय चालू ठेवायचं तर रक्तातलं कॅल्शियम घसरून चालत नाही. मग जबडा रबरासारखा मऊ पडतो, पाय वाकतात, बोटं थरथरतात.

तरी किडे जिवंतच का द्यायचे? निदान बेडकांच्या बाबतीत याचं उत्तर डोळ्यात आहे. १९५९ साली अमेरिकी शास्त्रज्ञ जेरोम लेटविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडकाच्या डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा अभ्यास केला. त्यांतले काही तंतू लहानसा गडद ठिपका हलला की जोरात संदेश पाठवत. बेडकाभोवती न हलणारं अन्न कितीही असलं तरी तो उपाशी मरेल, असं त्यांनी लिहून ठेवलंय. जे हलत नाही ते त्याच्या लेखी अन्नच नाही. सरडे एवढे हट्टी नसतात. गोट्या भोपळ्याचा कीसही खातो. पण रातकिडा उडी मारतो तेव्हा त्याची मान ज्या झटक्यात वळते, ती भोपळ्यासाठी वळत नाही.

तर किडा जिवंत हवा आणि भरलेलाही हवा. 'गट लोडिंग' म्हणतात ते हेच: सरड्याला द्यायच्या आधी एक-दोन दिवस किड्यालाच कॅल्शियमयुक्त खाद्य द्यायचं. किड्याच्या अंगात ते फारसं मुरत नाही, आतड्यात असतं. म्हणून पोट भरलेलं असतानाच तो पानात पडायला हवा. मोहरीचा पाला चालतो, गाजर-भोपळा चालतो. पालक मात्र नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं.

दुसरा उपाय पावडरीचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत दहा रातकिडे, चिमूटभर कॅल्शियमची पावडर, तोंड धरून दोनदा हलवायचं. बाहेर येतात ते रव्यात घोळवलेल्या बोंबलांसारखे पांढरे. पण बोंबील स्वतःला साफ करत नाही, रातकिडा करतो. मिश्या तोंडातून ओढत, पायांनी अंग पुसत काही तासांत तो पुन्हा पहिल्यासारखा होतो. संध्याकाळी सोडलेला किडा रात्रभर पेटीत फिरत राहिला, तर सकाळी पावडर गेलेली आणि पोटही रिकामं.

याला एक सुखद अपवाद आहे ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळीचा. ही अळी आपल्या कातडीतच कॅल्शियमचे क्षार साठवते, त्यामुळे तिच्यात कॅल्शियम फॉस्फरसाच्या दुपटीहून जास्त भरतं. पुण्या-मुंबईत गच्चीवर कंपोस्ट करणाऱ्यांनी ती पाहिलेली असते: चपटी, करड्या रंगाची, वळवळणारी, आणि बहुतेकांनी किंचाळून झाकण लावलेलं. परदेशात ती खाद्य म्हणून वेगळी वाढवून विकतात. कंपोस्टातली मात्र उचलून देऊ नये, तिने काय काय खाल्लंय कोण जाणे. अंगणातल्या किड्यांचंही तेच. काजव्यांतली विषं तर टोडच्या (खरखरीत कातडीच्या बेडकाच्या) विषाच्या कुळातली असतात. अमेरिकेत काजवे खाऊन बिअर्डेड ड्रॅगन मेल्याच्या नोंदी आहेत.

कॅल्शियम पोटात गेलं तरी ते शरीरात घ्यायला डी३ जीवनसत्त्व लागतं. ते कातडीत बनायला उन्हातले यूव्हीबी, म्हणजे एका प्रकारचे अतिनील किरण लागतात, आणि बनण्याची शेवटची पायरी उबेवर चालते. ताईने पेटी खिडकीपाशी ठेवली होती, छान ऊन यायचं. पण काचेतून ऊब येते, यूव्हीबी जवळजवळ येत नाही. त्यासाठीचा खास दिवाही फसवा: उजेड देत राहतो, पण यूव्हीबी कधीच क्षीण झालेलं असतं.

बेडकांची गोष्ट आणखी वेगळी. व्हायोमिंग टोड हा अमेरिकेतला अतिशय दुर्मिळ उभयचर. १९८४ मध्ये तो संकटग्रस्त ठरला आणि आता बंदिवासातल्या प्रजननावर तगून आहे. या बंदिवासातल्या टोडना एक विचित्र आजार दिसला: जीभ बाहेर फेकायची, किड्यावर नेमकी आदळायची, आणि रिकामीच परत यायची. अ जीवनसत्त्वाच्या अभावाने जिभेचा चिकट द्राव तयार करणारं अस्तर कोरडं, राठ झालेलं. समोर भरलेलं ताट आणि प्राणी उपाशी! पाळलेल्या किड्यांत हे जीवनसत्त्व जवळजवळ नसतं. अर्थात अ काय आणि डी३ काय, जास्त झालं तर दोन्ही विषच, त्यामुळे प्रमाण डॉक्टरांकडूनच घ्यावं.

(हे वाचून कुणी घोरपड किंवा स्टार कासव घरी आणायच्या विचारात असेल तर थांबा, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे.)

ताईकडे आता रातकिड्यांचा वेगळा डबा आहे, आत अंड्यांचे पुठ्ठे उभे लावलेले. रात्रभर किरकिर चालते. "गावाकडची झोप परत मिळाली," ती म्हणते, आणि सकाळी भाजी चिरताना पहिला पाला त्यांना टाकते. खिडकीतली पेटी दिव्याखाली गेली. गोट्याची थरथर थांबली, पोट जमिनीवरून उचललं गेलं. मागचा डावा पाय मात्र वाकडाच राहिला.